पास्ता फ्रीजरमध्ये, वाद ओट्यावर

भांडुपहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३९, नोकरी अंधेरीला चकाल्यात. सकाळी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. संध्याकाळी तेच उलटं. घरात पाय ठेवेपर्यंत पावणेआठ होतात. घरी नवरा, १२ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार हे वार पाळले जातात. मुलांचा जीव चिकनवर आणि पास्त्यावर. रात्रीच्या जेवणाला रोज साडेनऊ वाजतात, दर आठवड्याला दोन-तीनदा बाहेरून मागवलं जातं. म्हणून त्यांनी ठरवलं, रविवारी एकदाच चिकन पास्ता करून फ्रीजरमध्ये भरून ठेवायचा. व्हाइट सॉसमधला पातेलंभर पास्ता केला, रात्रभर ओट्यावर निवू दिला, सोमवारी सकाळी सात डबे फ्रीजरमध्ये गेले. बुधवारी एक डबा गरम केला तर सॉस फुटलेला, पास्त्याचा लगदा, चिकन चामट. मुलांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, "शिळं ते शिळंच. पोरांच्या पोटात काय घालतेस?" नवरा बुधवारी घरूनच काम करतो, त्याने बिर्याणी मागवली. "त्याला काहीही चालतं," असं त्या लिहितात. सहा डबे अजून तसेच आहेत. त्यांचे प्रश्न असे: हा नाद सोडून द्यावा का? डीप फ्रीजर घ्यावा का? स्वयंपाकाला बाई लावावी का? आणि मुलांना असं साठवलेलं खायला घालणं खरंच चुकीचं आहे का?

ताई, बाकी सगळं नंतर बोलू. आधी ते सहा डबे टाकून द्या. एवढं चिकन, दूध, लोणी आणि रविवारची अख्खी संध्याकाळ कचऱ्यात घालायची म्हणजे जिवावर येणार, हे कळतंय. तरी टाका.

फ्रीजरने काही बिघडवलं नाही. घोटाळा झाला तो ओट्यावर, रविवारी रात्री. भात, पास्ता, बटाटा अशा पिठूळ पदार्थांत बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. पदार्थ बराच वेळ कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांतले काही असं विष तयार करतात की अन्न पुन्हा खळखळून उकळलं तरी ते जात नाही. त्यात चिकन आणि दूध, म्हणजे इतर जिवाणूंचीही सोय झाली. मुंबईच्या दमट हवेत मोठ्या पातेल्याचा मधला भाग मध्यरात्र उलटली तरी कोमटच असतो. फ्रीजर जिवाणूंना मारत नाही, नुसतं थोपवून धरतो. आधी तयार झालेलं विष तर तो काढूच शकत नाही. मुलांनी खाल्लेल्या दोन घासांची मात्र आता काळजी करू नका. या विषाचा त्रास व्हायचा असता तर काही तासांत, फार तर दिवसभरात झाला असता.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये तासच धरा. आता तुम्ही म्हणाल, गरम वस्तू फ्रीजमध्ये ठेवू नये असं तर लहानपणापासून ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे. वाफाळतं पातेलं आत ठेवलं तर शेजारचं दूध-दही तापतं. पण त्यावर उपाय म्हणून पातेलं रात्रभर बाहेर ठेवणं हा रोगापेक्षा औषध भयंकर असा प्रकार झाला. पातेल्यातलं सगळं दोन-तीन पसरट ताटांत ओता, थर दोन बोटांहून जाड नको. परातीत बर्फाचं पाणी घेऊन ताट त्यात टेकवा, वर पंखा सोडा, अधूनमधून कालथ्याने हलवा. साधारण अर्ध्या तासात ते हाताला जेमतेम कोमट लागेल. मग झाकून फ्रीजमध्ये, पूर्ण गार झालं की फ्रीजरमध्ये.

म्हणजे त्या बुधवारी सासूबाईंना शंका आली ती रास्तच होती. त्यांनी बोट मात्र भलतीकडे ठेवलं. तुमच्या फ्रीजरचं दार उघडून बघा. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे: एका डब्यात खवलेला नारळ असेल, पिशवीत हिवाळ्यात सोलून ठेवलेले मटार असतील, आणि आंब्याचे दिवस नुकतेच सरले असतील तर आमरसाचे एक-दोन डबेही. हे सगळं कोणी ठेवलं? बहुधा सासूबाईंनीच. मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त लागतो हेही तुम्ही त्यांच्याकडूनच ऐकलं असेल. श्रावणातल्या शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशी रांधलेलं खाण्याची रीत आपल्याकडे आहेच. तेव्हा साठवलेलं अन्न मुळातच वाईट, असं त्यांचं म्हणणं असेल हे मला पटत नाही.

मग राग कसला? एक तर त्या रात्री ताटात आलेलं खरोखरच बेचव होतं. दुसरी शंका अशी की बुधवारी रात्री त्यांच्या स्वतःच्या ताटात काय होतं, हे पत्रात कुठेच नाही. पास्ता त्या खातात का? खात नसतील, तर तुमच्या सातही डब्यांत त्यांच्यासाठी काही नव्हतं. आयुष्यभर रात्रीचं जेवण जिच्या हातून गेलं, तिला एक दिवस कळतं की सून येईल, डबा गरम करेल आणि आपण आपलं वेगळं बघायचं. अशा वेळी माणूस "मला विचारलं नाहीस" असं म्हणत नाही. "शिळं आहे" असं म्हणतं. माझा तर्क चुकीचाही असेल, पण एकदा पडताळून पाहायला हरकत नाही.

साठवलेलं खायला घालणं चुकीचं आहे का? नाही. उणे १८ अंशांवर जिवाणूंची वाढ थांबते आणि तिथे अन्न बराच काळ सुरक्षित राहतं. हळूहळू उतरते ती चव आणि पोत. शिजवलेलं चिकन सॉसमध्ये किंवा रश्शात असेल तर दोन-तीन महिने चांगलं लागतं. मुलांना त्यातून प्रथिनं मिळतातच. बाहेरच्या बिर्याणीतलं तेल-मीठ आपल्या हातात नसतं, इथे असतं. आई नोकरी करते म्हणून पोरांना ताजं मिळत नाही, ही टोचणी तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. पण साडेनऊला पेंगत, चिडचिड करत खाल्लेलं ताजं जेवण आणि सव्वाआठला सगळ्यांनी मिळून खाल्लेलं रविवारचं चिकन, यांत मुलांच्या अंगी काय जास्त लागेल याचा विचार करा.

आता तुम्ही गृहीत धरलेल्या तीन गोष्टींकडे येऊ.

पहिली म्हणजे आठवड्याचा हिशोब. तुमच्या घरात सामिष होतं ते बुधवार, शुक्रवार आणि रविवारी. रविवारी तुम्ही घरी असताच. म्हणजे आधी करून ठेवायची चिकनची जेवणं आठवड्याला दोनच. तुम्ही सात डबे भरले! त्यातही रविवारी दुपारी शिजवलेलं चिकन नीट गार करून फ्रीजच्या खालच्या भागात, ४ अंशांच्या आत, ठेवलं तर तीन-चार दिवस टिकतं, म्हणजे बुधवार रात्रीला फ्रीजर लागतही नाही. मुलं दिवसभर फ्रीजचं दार उघडझाप करत असतील तर मात्र तेही गोठवलेलं बरं. शुक्रवारचं फ्रीजरमध्येच. पातेलंभर स्वयंपाकाची गरज नव्हती.

दुसरी, अख्खं जेवणच गोठवायला हवं ही समजूत. इथे माझं मत ठाम आहे: पास्ता फ्रीजरमध्ये घालूच नका. शिजलेला पास्ता सॉसमध्ये पडला की पाणी पीत राहतो. गोठताना त्याचा पोत ढासळतो, गरम करताना तो पुन्हा शिजतो, आणि उरतो तो लगदा. व्हाइट सॉसचंही तेच. मैद्याने धरून ठेवलेलं पाणी गोठून वितळलं की सुटं होतं, दुधाचे कण दिसायला लागतात, आपण म्हणतो सॉस फुटला. तुमचं काही चुकलं म्हणून तो फुटला नाही, त्याची जातच तशी. चामट चिकनचं कारण वेगळं आहे. तुम्ही बहुतेक ब्रेस्ट पीस आणले असणार. त्यात चरबी कमी, दुसऱ्यांदा गरम केले की कोरडे पडतात.

कोरडा पास्ता फडताळात महिनोन्महिने राहतो आणि दहा-बारा मिनिटांत शिजतो. मग त्याला गोठवून काय साधलं? तुमचा वेळ खातं ते कांदा-लसूण चिरणं, टोमॅटो आटवणं आणि चिकन शिजवणं. तेवढंच रविवारी उरका.

तिसरी गोष्ट म्हणजे नवरा. पत्रात तो दोनदा भेटतो, एकदा बिर्याणी मागवताना आणि एकदा "त्याला काहीही चालतं" या वाक्यात. ज्याला काहीही चालतं आणि जो बुधवारी दिवसभर घरात असतो, त्याला गॅसवर पाणीही चढवता येत असणार. तुमची गाडी कांजूरमार्गहून सुटली की घरी फोन करायचा आणि त्याने मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी उकळायला ठेवायचं. शुक्रवारी तो ऑफिसात असेल तर हे काम सासूबाईंच्या देखरेखीखाली मुलीला जमेल. उकळतं पाणी ओतायचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. तुम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत पास्ता तयार. ही मदत मागताना "जरा हातभार लाव" असं मोघम बोलू नका. बुधवारचा पास्ता तुझा, एवढंच सांगा. मोघम सांगितलेली कामं आपल्याकडे शेवटी कोणाच्या अंगावर येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता रविवारची पद्धत. पाच जणांच्या दोन जेवणांचं माप देते.

सकाळी चिकनवाल्याकडे लेग बोनलेस मागा, एक किलो. हा भाग दुसऱ्यांदा गरम केला तरी रसदार राहतो. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओटाभर पसरतात, म्हणून न धुणंच बरं, असं अन्नसुरक्षेची माणसं सांगतात. आपल्या घरात हे कोणी ऐकून घेणार नाही, याची मला कल्पना आहे. निदान भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि मग सिंक, ओटा, हात साबणाने स्वच्छ करा. शेजारी चिरलेली काकडी-कोथिंबीर तेवढ्या वेळेपुरती दूर हलवा.

सॉसला टोमॅटो दीड किलो, चार मोठे कांदे, एक अख्खा गड्डा लसूण आणि दोन किसलेली गाजरं. गाजर मुलांना कळतही नाही. तेलावर कांदा-लसूण मऊ झाला की चिरलेले टोमॅटो, मीठ, चिली फ्लेक्स, ओरेगॅनो, चिमूटभर साखर. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत आटवा, पाऊण तास तरी लागतो. निवल्यावर मिक्सरमधून काढा. टोमॅटोवर बेतलेला सॉस गोठवून वितळला तरी तसाच्या तसा राहतो, म्हणून या कामाला तोच घ्यायचा. टोमॅटो स्वस्त असतात तेव्हा दुप्पट करून ठेवा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली होती ते विसरला नसालच.

चिकन वेगळं शिजवा. बेताचे तुकडे, मीठ, मिरपूड, ठेचलेली लसूण, थोडं तेल, त्याच्याच सुटलेल्या पाण्यात. सगळ्यात मोठा तुकडा मधोमध कापून बघा. गुलाबी दिसता कामा नये. अन्नाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश. पातेल्यात राहिलेला रस ओतून देऊ नका, चिकनबरोबर तोच पिशवीत घाला, म्हणजे कोरडं पडत नाही.

सॉस आणि चिकन वेगवेगळं का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तुमच्या वारांसाठी. नुसता सॉस गुरुवारी पनीर किंवा उकडलेला राजमा घालून चालतो, शनिवारी मुलांच्या पिझ्झ्याच्या पोळीवर चालतो. चिकन त्यात एकदा पडलं की तो फक्त बुधवार-शुक्रवारचा झाला. शिवाय फ्रीजरमध्ये चिकन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात अगदी खाली ठेवलं तर सासूबाईंच्या आमरसाला त्याचा वासही लागत नाही. ही दुसरी गोष्ट लहान वाटली तरी तुमच्या घरात ती मोठी ठरेल असा माझा अंदाज आहे.

भरायला झिपच्या जाड पिशव्या घ्या. एका पिशवीत एका रात्रीचं. पिशवी आडवी ठेवून तळहाताने हवा काढा आणि आतला पदार्थ बोटभर जाडीचा सपाट करून स्टीलच्या ताटावर निजवा. पातळ थर झटपट गोठतो आणि झटपट गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात, चिकनचे धागे कमी फाटतात. गोठल्यावर पिशव्या उभ्या लावा, जागा फार थोडी लागते. एका दिवशी आठ-दहा पिशव्या कोंबू नका, घरच्या फ्रीजरला एका वेळी एवढं गोठवणं झेपत नाही. डबे वापरणार असाल तर वर बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. आणि पिशवीवर मार्करने नाव-तारीख घाला, भरण्याआधी. भरल्यावर ओल्या पिशवीवर मार्कर उठत नाही आणि महिन्याभराने खिमा कुठला नि सॉस कुठला हे ओळखण्यात सगळं घर गुंततं.

बुधवारी सकाळी, किंवा आठवण राहिली तर मंगळवारी रात्री, पिशवी फ्रीजरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हलवा. ओट्यावर सकाळपासून वितळत ठेवायची नाही, हे आता वेगळं सांगायला नको. विसरलात तरी बिघडलं नाही. पिशवी नळाच्या पाण्याखाली धरून सैल करा, सॉसची लादी अर्धा कप पाण्याबरोबर कढईत टाका, झाकण ठेवा. सुटला की चिकन घाला आणि सगळीकडून उकळी फुटल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या. पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी काढून याच कढईत घाला, त्याचं वाटीभर पाणीही. चीज, सिमला मिरची, कोथिंबीर जे काय असेल ते आता. पाच जणांना साधारण ४०० ग्रॅम कोरडा पास्ता पुरतो. पेने किंवा फुसिली घ्या, स्पॅगेटी थोडी जास्त शिजली तरी गोळा होते. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघून घ्या, मैद्याचा लवकर मऊ पडतो. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी डब्यात न्या, पुन्हा फ्रीजरमध्ये नको.

मुलं व्हाइट सॉसच मागणार, मला माहीत आहे. मग चिकन गोठवलेलं घ्या आणि सॉस त्याच वेळी करा: दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, दोन कप दूध, दहा मिनिटांचं काम. कोणाच्या वाढदिवसाला अख्खा बेक्ड पास्ताच आधी करून ठेवायचा असेल तर तेवढा अपवाद करा. पास्ता तीन मिनिटं कमी शिजवा, टोमॅटो सॉस नेहमीपेक्षा सढळ घाला, चीज भाजायच्या वेळीच पसरा.

डीप फ्रीजर? नको. आठवड्याला तीन-चार पिशव्यांसाठी चोवीस तास चालणारं आणखी एक यंत्र, आणि मुंबईच्या घरात ते ठेवणार कुठे, टीव्हीखाली? आहे त्या फ्रीजरचा एक कप्पा तुमचा करून घ्या. आइस्क्रीम दगडासारखं राहतं का बघा. मऊ पडत असेल तर आत पुरेशी थंडी नाही, रबर आणि सेटिंग तपासा. वीज जाण्याची भीती असेल तर एक जुनी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा, वाटी फ्रीजरमध्येच राहू द्या. बाहेरगावाहून परत आल्यावर नाणं वरच दिसलं तर सगळं ठीक. तळाशी गेलं असेल तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलंय, चिकन टाकून द्यायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती तेव्हा लोकांना आपापल्या फ्रीजरची आठवण झाली असेल. एरवी काही तास वीज गेली आणि तुम्ही दार उघडलं नाही, तर गच्च भरलेलं सामान सहसा गोठलेलंच राहतं.

स्वयंपाकाला बाई लावणं परवडत असेल तर जरूर लावा. पण पोळी-भाजीसाठी. चिकन करायला अनेक मावशी तयार नसतात, तयार असल्या तर वेगळे पैसे लागतात, आणि संध्याकाळी सातला मिळणं आणखी कठीण. माझं विचाराल तर सकाळच्या मावशींकडून आठवड्याचा कांदा-लसूण तेवढा चिरून-सोलून घ्या. रविवारचं निम्मं काम तिथेच संपेल. बाहेरून मागवणंही पाप नाही. फक्त महिन्यातले कोणते दिवस ते आधी ठरवा, म्हणजे प्रत्येक बिर्याणी तुमच्या हरण्याची पावती वाटणार नाही.

सासूबाईंशी बोलताना सुरुवात सोपी आहे, कारण एका बाबतीत त्या बरोबर होत्या आणि ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं. "आई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मी ते सगळे डबे टाकून दिले." एवढं बोलून थांबा, लगेच "पण" लावू नका. मग दोन-चार दिवसांनी विचारा की रविवारी त्यांच्या पद्धतीचं चिकन सुकं थोडं जास्त केलं तर चालेल का, शुक्रवारसाठी निम्मं ठेवू. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं फ्रीजरमध्ये चांगलं राहतं, पास्ता सॉसइतकंच. बटाटा तेवढा घालायचा नाही, गोठून वितळला की तो रवाळ आणि पाणचट होतो. मग शुक्रवारी त्यांना भाकरीबरोबर त्यांचं सुकं, मुलांना पाव किंवा पास्ता. फ्रीजरमधल्या एका पिशवीवर त्यांच्या हाताचा पदार्थ असला की बाकीच्या पिशव्यांवरचे आक्षेप बरेच कमी होतील, असं मला वाटतं. नाहीच झाले तर नाही. त्यांच्यापुरता मऊ भात-वरण कुकरला लावायला तुम्हाला वेगळा वेळ लागणार नाही, आणि सगळ्यांनी एकच खाल्लं पाहिजे असा काही दंडक नाही.

हे वाचणाऱ्यांत भाड्याच्या खोलीत तिघं-चौघं मिळून राहणारे असतील, त्यांच्याकडे बहुधा एक दाराचा फ्रीज आणि आत बर्फाने माखलेला छोटा कप्पा असतो. अशा कप्प्यात उणे १८ अंश मिळतीलच असं नाही. कप्प्याच्या दारावर चांदण्या छापलेल्या असतात त्या मोजा: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. तीनपेक्षा कमी असतील तर चिकन आठवड्याभरातच संपवा. आईवडील एकटे राहतात म्हणून महिन्याचं करून देऊन येणारी मुलं-मुली असतील, त्यांनी एका माणसाच्या एका जेवणाएवढ्याच पिशव्या कराव्यात आणि नावं मोठ्या अक्षरांत लिहावीत. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल तर गरम करताना उकळीबाबत कसूर नको, मायक्रोवेव्हमध्ये केलं तर मध्येच ढवळून पुन्हा फिरवा, कारण कडेने कढत आणि मधे थंड असं त्यात हमखास होतं. हॉटेलातून आलेले काळे प्लॅस्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, काचेचं भांडं वापरा.

आणि ताई, श्रावण लागण्याआधी पंधरा दिवस चिकन नव्याने भरणं थांबवा. असलेल्या पिशव्या तारखेप्रमाणे जुन्या आधी अशा काढत आणा. राहिलंच काही तर गटारीला संपेल, त्याची चिंता तुम्हाला करावी लागणार नाही.